जागतिक दर्जाचं, लाइट-पाणी सोडून

माणूस उकिडवा बसून पिचला इस्त्री करत होता.

तारीख ५ जानेवारी २०२०, ठिकाण गुवाहाटीचं बरसापारा स्टेडियम, सामना भारत विरुद्ध श्रीलंका. नाणेफेक होऊन गेली होती. कोहलीने क्षेत्ररक्षण घेतलं होतं. तेवढ्यात पाऊस आला, कव्हर टाकलं, पाऊस गेला, कव्हर काढलं, तर कव्हर गळकं निघालं आणि पिचवर नको तिथे ओल. मग जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या सामन्यात, टीव्हीवर सगळ्या देशासमोर, व्हॅक्यूम क्लीनर आला, हेअर ड्रायर आला, आणि वाफेची इस्त्रीही आली. आमच्याकडे टीव्हीसमोर बसलेले सगळे हसले. बायको तेवढी हसली नाही. तिने विचारलं, "कॉटनवर ठेवलीय की सिल्कवर?"

एकही चेंडू न पडता सामना रद्द झाला.

पुढे दोन दिवस लोकांनी त्या इस्त्रीवाल्याची यथेच्छ टिंगल केली. मला तर त्या संध्याकाळी मैदानावर तोच एक शहाणा वाटला. आंतरराष्ट्रीय सामन्याला हल्ली काय नसतं? छपराच्या कडेला चेंडूची पावलं मोजणारे कॅमेरे असतात. स्टंपच्या पोटात माइक असतो, बेल्सच्या पोटात बॅटरी आणि दिवे असतात. डोक्यावर चार तारांना लोंबकळत फिरणारा स्पायडरकॅम असतो. बाहेर ओबी व्हॅनमध्ये भिंतभर पडदे आणि त्यांच्यासमोर हेडफोन लावलेली मंडळी असतात. एवढा लवाजमा दारात उभा, आणि अडलं कशाने? ताडपत्रीच्या भोकाने. भोकावर या लवाजम्यापैकी कुणाकडेही इलाज नव्हता. तो लाँड्रीच्या दिशेने शोधावा लागला.

स्टेडियमच्या पोटात काय काय चालतं ते मी आवडीने वाचत असतो, कारण मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. संबंध आहे, ऐका. तेहतीस हजार प्रेक्षकांचं वानखेडे काय आणि आमची तीन विंगची सोसायटी काय, विषयपत्रिका एकच: लाइट, पाणी आणि पार्किंग. आमच्याकडे पंप जळाला की समालोचन होत नाही, एवढाच फरक. म्हणजे होतं, पण जिन्यात होतं.

आधी पाणी. मैदानात दोन अगदी उलट स्वभाव शेजारी शेजारी नांदवायचे असतात. मधली बावीस यार्ड म्हणजे चिकणमाती. मुंबईत ती लाल. तिला पाणी द्यायचं, रोलर फिरवायचा, वाळवायची, पुन्हा रोलर, असं करत करत ती विटेसारखी टणक होते. अशा मातीत भलत्या वेळी पाणी मुरलं की ती फुगते, मऊ पडते, आणि मग चेंडू किती उसळेल हे बोलरलाही ठाऊक नसतं. तिच्या भोवतीचं मैदान मात्र हल्ली वाळूचं करतात. वर गवत, खाली वाळूचा थर, त्याखाली खडी आणि खडीत भोकं पाडलेले पाइप. या मैदानाने पाणी जितकं गिळेल तितकं उत्तम. म्हणून पाऊस आला की माळी आधी मध्यभागी धावतात आणि बाकीचं मैदान भिजत राहतं. प्रेक्षकही भिजत राहतात, पण त्यांच्या खाली खडी नसते.

पाऊस थांबला की सुपर सॉपरचा प्रवेश. हे यंत्र जवळून बघण्यासारखं आहे. मोठाले रूळ आणि त्यांवर गुंडाळलेला जाड स्पंज. रूळ गवतावरून फिरतो, स्पंज पाणी पितो, वरचा दाब देणारा रूळ त्याला पिळतो आणि पिळलेलं पाणी टाकीत जातं. टाकी भरली की गाडी सीमारेषेपलीकडे न्यायची, रिकामी करायची, परत यायचं. एवढंच. यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, अॅप नाही. चालवणाऱ्या माणसाला घाई हा प्रकार ठाऊक नसतो. स्टेडियमभर लोक त्याच्याकडे आशेने बघताहेत, ब्रॉडकास्टर जाहिराती संपवून हताश बसलाय, दोन्ही कॅप्टन पायऱ्यांवर उभे. आणि हे गृहस्थ थर्ड मॅनच्या कोपऱ्यात शांतपणे गाडी वळवताहेत. वळण जमलं नाही तर मागे घेतात आणि पुन्हा वळवतात. त्या अर्ध्या तासात त्यांच्याएवढं फुटेज कर्णधारालाही मिळत नाही.

आणि यंत्राच्या मागे माणूस असतोच. हातात स्पंज, बाजूला बादली. अहमदाबादला २०२३ च्या आयपीएल फायनलला आधी एक अख्खी रात्र पावसात गेली. दुसऱ्या रात्री, २९ मे रोजी, चेन्नईची बॅटिंग सुरू होता होताच पुन्हा पाऊस आला. १ लाख ३२ हजार क्षमतेचं स्टेडियम, छपराच्या कडेने फिरवलेले एलईडी दिवे, आणि त्या झगझगाटात बाजूच्या पिचवर गुडघे टेकून स्पंजने पाणी टिपणारी माणसं. स्पंज बादलीत पिळायचा, पुन्हा टिपायचं. मध्यरात्र उलटून गेल्यावर सामना संपला आणि जडेजाचा शेवटचा चौका सगळ्यांच्या लक्षात राहिला. तो चौका ज्या गवतावरून गेला ते कोरडं कुणी केलं, असा प्रश्न प्रेझेंटेशनमध्ये कुणी विचारत नाही. अपवाद मोहम्मद सिराजचा. २०२३ च्या आशिया कप फायनलमध्ये कोलंबोत त्याने सहा विकेट काढल्या आणि सामनावीराचे पाच हजार डॉलर तिथल्या ग्राउंड स्टाफला देऊन टाकले. श्रीलंकेतले माळी पाऊस आला की पिचच काय, अख्खं मैदान झाकतात. कव्हरं ओढत धावणारी ती पलटण बघणं हा बऱ्याचदा सामन्यापेक्षा चुरशीचा भाग असतो.

लाहोरला २०१८ मध्ये पाकिस्तान सुपर लीगच्या सामन्याआधी मैदान वाळवायला चक्क हेलिकॉप्टर आणलं होतं. पंख्याचा वारा. ही गोष्ट मी कमिटीच्या बैठकीत सांगितली, तर सेक्रेटरींनी गंभीरपणे विचारलं, "तासाचं भाडं काय?"

या क्षेत्रातला खरा चमत्कार बंगळुरूला आहे. अमेरिकेत ऑगस्टा नावाचा गोल्फ क्लब आहे. तिथल्या हिरवळीची निगा राखणाऱ्या मार्श बेन्सन यांनी १९९० च्या दशकात जमिनीखालच्या पाइपांना ब्लोअर जोडायची युक्ती काढली. ब्लोअर एका दिशेने चालवला की तो जमिनीतलं पाणी खाली ओढतो, उलटा चालवला की मुळांना हवा देतो. या सबएअर यंत्रणेने २०१७ मध्ये चिन्नास्वामी स्टेडियममधून क्रिकेटमध्ये पाऊल ठेवलं. मिनिटाला १० हजार लिटर पाणी ओढते, असं तेव्हा सांगितलं गेलं. १० हजार लिटर म्हणजे किती, हे शहरी मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. एक टँकर. मिनिटाला एक टँकर, फक्त उलटा.

हा आकडा ऐकून आमच्या सेक्रेटरींचे डोळे लकाकले. पावसाळ्यात आमच्या बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी साचतं.

"अहो, हे बसवून घेऊ या ना!"

"सेक्रेटरीसाहेब, बेसमेंटला गवत लावावं लागेल."

"लावू! गार्डनचा फंड पडून आहे."

सबएअरलाही मर्यादा आहेत. ती पडलेलं पाणी ओढते. पडणारं पाणी थांबवण्याचं कंत्राट तिच्याकडे नाही. १७ मे २०२५ रोजी बंगळुरू-कोलकाता सामना तिथेच एकही चेंडू न पडता वाहून गेला. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीचा पहिला दिवस पावसात गेला, तेव्हा मात्र यंत्रणेने आपलं काम चोख बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान वेळेवर तयार. खेळ वेळेवर सुरू. आणि भारत सर्वबाद ४६. यात यंत्रणेचा काहीही दोष नाही. पण थोडी ओल राहिली असती, तासभर उशीर झाला असता, तर निदान जेवणापर्यंत तरी लाज राहिली असती, असं त्या दिवशी बऱ्याच जणांना वाटलं असणार.

पाण्याचा आणखी एक प्रकार आहे, त्यावर कव्हरही चालत नाही. दव. संध्याकाळी गवतावर दव पडलं की चेंडू साबणाच्या वडीसारखा होतो आणि स्पिनर केविलवाणे दिसू लागतात. यावर उपाय काय? दोन माणसं, एक लांबलचक दोर. दोघांनी दोन टोकं धरायची आणि मैदानभर चालत जायचं. दोर गवताला घासतो आणि थेंब खाली झडतात. हल्ली वर फवारा मारायची औषधंही आलीत, पण दोर गेलेला नाही. चेंडूचा मार्ग मिलिमीटरमध्ये सांगणाऱ्या या खेळात दव काढायला दोर ओढणारी दोन माणसं लागतात, आणि ड्रिंक्स ब्रेकमध्ये कॅमेरा त्यांच्यावर गेला तर तो चुकूनच.

आता हे सगळं पाणी जास्त झालं तर. कमी झालं तर? २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात प्यायला पाणी नव्हतं, लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, आणि इकडे आयपीएलसाठी मैदानं हिरवी ठेवायची होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मंडळाने पिण्याचं पाणी नको, शुद्ध केलेलं सांडपाणी वापरू, असंही सांगून पाहिलं. न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. दोन वर्षांनी चेन्नईचे सामने पुण्याजवळ गहुंज्याला आले, तेव्हा पवना धरणाचं पाणी मैदानाला वापरायचं नाही, असा आदेश पुन्हा न्यायालयातून आला. सुपर सॉपरने हे दोन्ही निकाल कोपऱ्यात उभं राहून ऐकले असावेत. पाणी नाही म्हणून बंद, पाणी फार म्हणून बंद. यात विनोद करायचा तर लातूरच्या माणसाने करावा. मी पुढे जातो.

पुढे म्हणजे लाइट.

अभ्यासाच्या टेबलावर ५०० लक्स उजेड असला की मुलाकडे न शिकण्याची सबब उरत नाही. टीव्हीवर दाखवायच्या सामन्याला याच्या चौपट किंवा त्याहून जास्त उजेड लागतो, आणि तो मैदानाच्या प्रत्येक कोपऱ्यात सारखा लागतो. शिवाय नुसता उजेड असून भागत नाही. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, त्यामुळे जुन्या पद्धतीचा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद होतो आणि शंभर वेळा प्रखर. माणसाच्या डोळ्याला ते कळत नाही, पण स्लो-मोशन कॅमेऱ्याला कळतं, आणि मग कव्हर ड्राइव्ह बघताना बॅट्समन डोळा मारल्यासारखा लुकलुकतो. म्हणून टॉवरवरचे दिवे तीन फेजवर वाटून देतात: एक मंद झाला की शेजारचा प्रखर. एलईडी आल्यावर ही कटकट बरीच गेली. वानखेडेवरही २०२३ च्या विश्वचषकाआधी नवे एलईडी दिवे लागले. त्यामुळे विकेट पडली की दिव्यांची उघडझाप करण्याची सोय झाली. आमच्या जिन्यातला दिवा ही सोय विनामूल्य देतो.

एलईडीचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे. जुना मेटल हॅलाइड दिवा एकदा गेला की लगेच लागत नाही. आतली वाफ थंड व्हावी लागते, मग तो पेटतो, मग हळूहळू तेज धरतो. यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. म्हणजे वीज एक सेकंद गेली तरी सामना पाव तास थांबलाच. हा धोका टाळायला मोठ्या सामन्यांना बऱ्याच ठिकाणी दिवे मुळातच डिझेल जनरेटरवर चालवतात आणि वीज मंडळाची लाइन राखीव ठेवतात. घरात आपण नेमकं उलटं करतो. वीज मंडळावरचा विश्वास कुणाचा जास्त, ते तुम्हीच ठरवा.

आता जनरेटरवर विसंबलेला सामना. ९ फेब्रुवारी २०२५, कटकचं बाराबती स्टेडियम, भारत विरुद्ध इंग्लंड. रोहित शर्माला बऱ्याच दिवसांनी सूर सापडलेला. सातव्या षटकात एका टॉवरचे दिवे लुकलुकले आणि गेले. खेळाडू उभे राहिले, मग बसले, मग आत गेले. अर्धा तास गेला. ओडिशा सरकारने क्रिकेट संघटनेकडे खुलासा मागितला. संघटनेने सांगितलं ते असं: टॉवरला दोन जनरेटर होते. एक बंद पडला. दुसरा जोडायला गेलो, तर जनरेटर आणि टॉवर यांच्या मध्ये खेळाडूंची गाडी उभी होती.

पार्किंग!

हे वाचलं तेव्हा मी कागद-पेन घेऊन बसलो होतो, ते सोडलं आणि उठून सेक्रेटरींकडे गेलो. आमच्याकडे मीटररूमच्या दारासमोर बी विंगच्या एका सभासदांची गाडी रोज उभी असते. तीन सर्वसाधारण सभांत तिच्यावर ठराव झालेत. सेक्रेटरींनी बातमी वाचली, चष्मा काढला आणि इतक्या समाधानाने हसले, की इंग्लंड त्या सामन्यात हरलं तेव्हा रोहितही तेवढा हसला नसेल. (रोहितने एकूण ११९ धावा केल्या. दिवे आले ते बरंच झालं.)

रायपूरची कथा याहून सरळ आहे. १ डिसेंबर २०२३ रोजी तिथे भारत-ऑस्ट्रेलिया सामना ठरला, तेव्हा बातमी आली की स्टेडियमचं लाइटबिल २००९ पासून थकलंय. रक्कम ३ कोटी १६ लाख. वीज २०१८ मध्येच कापलेली. मग तात्पुरती जोडणी आणि फ्लडलाइट जनरेटरवर, असा सामना पार पडला. आपली वीज एक महिना थकली की वायरमन पक्कड घेऊन दारात. या स्टेडियमचा मीटर मात्र इतकी वर्षं टिकला. त्याच्या कमिटीवर कोण होतं, हे कळलं तर आमच्याकडे बोलावून सत्कार करायचा विचार आहे.

वानखेडेलाही हा प्रसाद मिळालाय. १२ मे २०२२, मुंबई विरुद्ध चेन्नई. वीज गेली आणि डीआरएसची यंत्रणा बसली. सामना सुरू झाला तेव्हा जाहीर झालं की तूर्तास रिव्ह्यू मिळणार नाही. दुसऱ्याच चेंडूवर डेव्हॉन कॉन्वे पायचीत. चेंडू लेग स्टंपच्या बाहेर जातोय, असं घरबसल्या निम्म्या देशाला दिसत होतं, पण कॉन्वेला दाद मागायची सोय नव्हती. पुढच्या षटकात उथप्पाही तसाच गेला. चेन्नई सर्वबाद ९७. काही चेंडूंपुरतं क्रिकेट एकदम १९८० सालात गेलं होतं: पंचांनी बोट वर केलं की तोंड पाडून चालू पडायचं. आमच्या वडिलांच्या पिढीला तो सामना फार आवडला.

पंचांच्या बोटाला पहिल्यांदा यंत्राचा टेकू मिळाला तो १९९२ च्या नोव्हेंबरात, दरबानला. मैदानाबाहेर बसून टीव्हीवर रिप्ले बघणाऱ्या पंचाने त्या कसोटीत पहिल्यांदा कुणालातरी धावचीत दिलं. जगात हा मान मिळालेला पहिला बॅट्समन सचिन तेंडुलकर. वांद्र्याच्या साहित्य सहवास सोसायटीतला मुलगा. अख्ख्या क्रिकेटविश्वातून यंत्राला नेमका आमचाच सापडला, ही तक्रार मुंबईत अजून पूर्ण मिटलेली नाही.

आणि आता तर त्या बिचाऱ्या यंत्राला भविष्यही सांगावं लागतं. चेंडू पॅडवर आदळला. तो आदळला नसता तर कुठे गेला असता, हे हॉक-आय सांगतं. निरनिराळ्या कोनांतून चेंडू टिपायचा, त्यावरून हवेतली त्याची जागा काढायची आणि पुढची रेघ ओढायची. एवढा खटाटोप झाल्यावर चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग स्टंपला लागताना दिसला, तर पडद्यावर येतं: अंपायर्स कॉल. म्हणजे पंच म्हणतील तसं. कोट्यवधींचे कॅमेरे, ऑपरेटर, मैदानाखालून गेलेल्या केबल, आणि उत्तर काय, तर 'आधी साहेबांनी काय सांगितलं होतं?' हे वाक्य ज्याने सरकारी कचेरीत ऐकलं नाही त्याला डीआरएस समजावून सांगायला जाऊ नये.

बेल्सचीही अशीच गोष्ट. दिव्यांच्या बेल्स ऑस्ट्रेलियात ब्रॉन्टे एकरमन यांनी काढल्या आणि २०१२-१३ च्या बिग बॅशमध्ये त्या पहिल्यांदा चमकल्या. बेल जागची सुटली की सेकंदाच्या अगदी लहानशा भागात दिवा लागतो. धावचीतचा निर्णय एकदम सोपा. २०१९ च्या विश्वचषकात मात्र वेगळाच पेच उभा राहिला. चेंडू स्टंपला लागायचा, आवाज यायचा, आणि बेल्स ढिम्म. ओव्हलवर बुमराहच्या चेंडूने वॉर्नरचा स्टंप हलला, वॉर्नर मनातल्या मनात पॅव्हेलियनमध्ये पोहोचला, बेल्स जागच्या जागी. नियम म्हणतो, बेल पडली नाही तर नाबाद. बेल्स जड झाल्यात का, यावर मग पुष्कळ खल झाला. आमच्या गल्लीत तीन विटांचे स्टंप असायचे. बेलच नव्हती, त्यामुळे हा तांत्रिक दोष कधी उद्भवला नाही. फक्त मारामारी व्हायची.

हे स्टंप महाग असतात, हे मुंबईकरांना २२ एप्रिल २०२३ ला समजलं. वानखेडेवर शेवटच्या षटकात पंजाबच्या अर्शदीप सिंगने ओळीने दोन चेंडूंवर मधला स्टंप मोडला. आधी तिलक वर्माचा, मग नेहाल वढेराचा. मुंबई हरली. दुसऱ्या दिवशी पेपरांत चर्चा सामन्याची कमी आणि एलईडी स्टंपच्या सेटला किती लाख पडतात याची जास्त. घरी बायकोने बातमी वाचून निकाल दिला, "मोडणाऱ्याच्या पगारातून कापा." बोलरच्या पराक्रमाला आमच्याकडे ही दाद.

एवढं सगळं प्रेक्षकांसाठी, असं म्हणतात. कुठला प्रेक्षक? घरातला. स्टेडियमात बसलेल्याला स्टंप माइक ऐकू येत नाही, रोहित स्लिपमध्ये कुणाला काय बोलला ते कळत नाही, कड लागली की नाही ती रेघ नीट दिसत नाही. मोठा पडदा असतो, पण त्याच्यासमोर नेमका झेंडा. फोन काढावा तर मैदानातले हजारो लोक त्याच क्षणी व्हिडिओ पाठवताहेत, गोल फिरणारं चक्र फिरतच राहतं. शेवटी तो घरी फोन लावतो आणि विचारतो, "आऊट होता का रे?"

२०२३ च्या विश्वचषकात तिकीट ऑनलाइन घ्यायचं आणि मग छापील कागद हातात पडल्यावरच आत जायचं, असा दुहेरी कारभार होता. चिडण्यात अर्थ नाही, वानखेडे स्टेडियमचा जन्मच तिकिटांच्या वादातून झालाय. ब्रेबॉर्नवर सामने व्हायचे, क्लबकडून संघटनेला पुरेशा जागा मिळेनात, विजय मर्चंट आणि शेषराव वानखेडे यांचं जमेना. मग वानखेड्यांनी चालत जाण्याच्या अंतरावर दुसरं स्टेडियमच उभं केलं. १९७५ च्या जानेवारीत तिथली पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढून नव्या वास्तूची यथासांग शांत केली. कमिटीत पटलं नाही तर शेजारी दुसरी सोसायटी काढायची, हा उपाय आमच्या सेक्रेटरींना मी मुद्दाम सांगितलेला नाही.

२ एप्रिल २०११ ला याच वानखेडेवर विश्वचषकाची फायनल होती. स्टेडियम नव्याने बांधून काढलेलं, वर कापडी छप्पर, कॅमेरे डझनांनी. धोनीने नाणं उडवलं. संगकारा काहीतरी बोलला. धोनीला आणि टॉससाठी उभ्या असलेल्या रवी शास्त्रींना एक ऐकू आलं, संगकाराचं म्हणणं होतं की तो दुसरंच बोलला, आणि ज्यांनी निवाडा द्यायचा त्या सामनाधिकारी जेफ क्रो यांना गोंगाटात काहीच ऐकू आलं नव्हतं. तिसऱ्या पंचाकडे यासाठी बटण नव्हतं. नाणं पुन्हा उडवावं लागलं.

माइक होता तिथे. पण तो शास्त्रींच्या हातात होता.